डॉक्टरांची उरलेली काडतुसं

आमचे डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये एवढी दारू होती की कॅनडातल्या आमच्या कोक्विटलाम गावामागचा अर्धा डोंगर समुद्रात जाऊन पडला असता. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची बाटली एकच होती, ती मीच त्यांना दिलेली आणि मीच संपवलेली. आमची ही म्हणते, बंदुकीच्या दारूचेही दोनच डबे होते, एक रायफलीचा आणि एक बदकांसाठीच्या छऱ्याच्या बंदुकीचा, आणि दोन्ही मिळून आमच्या चहा-साखरेच्या डब्यांएवढे. असतील. मी डोंगर म्हटलं की टेकडी समजायची, हे माझ्या ओळखीच्या लोकांना आता अंगवळणी पडलंय. पण पुढे जे सांगतोय त्यात मी भर घातलेली नाही.

डॉक्टर नागपूरचे. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल देत आले. कुणा सर्जनच्या नादानं त्यांना शिकारीची गोडी लागली आणि त्यांच्या नादानं मला. मी कोल्हापूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर, रिटायर झाल्यावर घरातल्या घरात नुसता बोलून बोलून बायकोचं डोकं उठवत होतो. तिनंच मला डॉक्टरांच्या हवाली केलं. दर ऑक्टोबरात आम्ही दोघं डोंगरांपलीकडे, कोरड्या मुलखात, हरणाच्या मागे जायचो. एका वर्षी एक मूस, म्हणजे इथला घोड्याएवढा सांबर, आमच्या पिकअपच्या काचेला नाक लावून अर्धा तास माझी गोष्ट ऐकत उभा होता आणि गोष्ट संपल्यावरच गेला. डॉक्टर हसत नसत. 'ऐकत नव्हता,' म्हणायचे, 'त्याला भूल चढली होती. मला अनुभव आहे.'

ते काडतुसं विकत घेत नसत, भरत. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, साफ करायची, दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. चाप ओढला की टोपी ठिणगी देते, दारू पेटते, गोळी जाते. सांगायला सोपं. पण चिमूटभर दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि जास्त झाली, किंवा भलतीच पडली, तर रायफल तुमच्या तोंडापाशी फुटते. म्हणून डॉक्टरांचे नियम होते आणि मला ते पाठ करायला लावले होते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. भरताना बोलायचं नाही. (हा नियम त्यांनी माझ्यासाठी शोधला असावा.) बार नुसता फुसका वाजला तर दुसरा चाप ओढायचा नाही, रायफल उघडायची आणि नळी तपासायची. भरलेल्या काडतुसांच्या डब्यावर कोणती दारू, किती, कधी भरली, याची चिठ्ठी. आणि सगळ्यात वरचा नियम: दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. तो कितीही जवळचा असो. 'दुसऱ्यानं भरलेली सिरिंज मी कधी टोचली नाही,' असं ते सांगत.

गेल्या ऑगस्टमध्ये ते झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. मुलगा इथेच असतो, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला वडिलांची बंदूक नको होती. वहिनींनी म्हटलं म्हणून रायफल रीतसर माझ्या लायसन्सवर आली आणि कपाटात कुलपात बसली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. आमचे गुरुजी आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांनी सगळं नीट मांडलं. कावळ्यांची इथे काय कमी? संध्याकाळी सूर्य झाकून टाकतात. पण त्या सकाळी झाडावर एकच कावळा बसलेला, आणि तो पिंडाकडे पाठ करून. मधे एक सीगल आला, त्याला मुलानं हाकललं. वहिनी पिंडाकडे बघत उभ्या होत्या. मुलानं हात जोडून म्हटलं, बाबा, आईची काळजी करू नका. कावळा हलला नाही. टोरांटोला असते त्या मुलीनं फोनवरून सांगितलं, मी दर महिन्याला येईन. नाही. कुणी म्हणालं, देवळाच्या वर्गणीचं राहिलं असेल, कुणी म्हणालं, नागपूरच्या फ्लॅटचं. वहिनींचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्यांची काय इच्छा राहिली, हे तुलाच ठाऊक नाही, असं चारचौघांत कुणीतरी सांगावं तशा त्या दिसत होत्या.

मला ते बघवेना. पुढे झालो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे नदीपलीकडे ऐकू जाईल अशा, म्हणालो, "डॉक्टर, तुमची भरून ठेवलेली सगळी काडतुसं मी उडवीन. एक शिल्लक ठेवणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला आणि घास घेऊन गेला.

वहिनींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मुलगा रडला. आमची ही तेवढी कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघत होती, कारण तिला तो वरचा नियम माहीत होता. मी तिला तो शंभरदा सांगितला होता.

सप्टेंबर संपता संपता वहिनींचा फोन आला. सीझन सुरू झाला ना, भाऊजी? मी म्हटलं, होतोय. मग कधी जाताय? त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी फोन. त्या काही मागत नसत, नुसतं विचारत. रात्री झोप येत नाही असं एकदा म्हणाल्या. ते जिन्यावर अडकून उभे आहेत असं वाटतं, म्हणाल्या, वर नाही, खाली नाही. ज्या बाईनं त्यांनी आणलेलं हरीण स्वतः कधी खाल्लं नाही, पण आमच्यासाठी त्याचा सावजी रस्सा असा केला की माझ्या कानातून धूर निघायचा, ती बाई आता बंदुकीच्या बाराची वाट बघत होती.

मी काडतुसांचा डबा आणायला गेलो. बेसमेंटमध्ये फळीवर त्यांचे जुने डबे ओळीनं होते, रिकामे, आणि प्रत्येकावर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. शेवटचा तेवढा भरलेला. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती.

मी उलटून पाहिला, खालून पाहिला, झाकण काढून पाहिलं. जो माणूस फ्रीजमधल्या वरणावर तारीख लिहायचा त्याची ही चिठ्ठी कशी राहिली, हे मला कळेना. वर्षभर ते तीच तीच गोष्ट मला पुन्हा सांगत होते हे खरं. पण मी स्वतः एकेक गोष्ट चाळीस वर्षं सांगतोय, मला त्यात काय वेगळं वाटणार?

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "अंकल, जस्ट डंप देम. इट्स नॉट सेफ." बरोबर होतं त्याचं. मीही एक युक्ती काढली होती: दुकानातून नवी काडतुसं आणायची, तीच उडवायची, आणि पुंगळ्या वहिनींना दाखवायच्या. एवढं खोटं मी नाष्ट्याआधी बोलतो. माणसांशी खोटं बोलायला मला भीती वाटत नाही. पण कावळा माझ्यावर भरवसा ठेवून पिंडाला शिवला होता, आणि त्याच्याशी बनवाबनवी करायची छाती होईना. हसा हवं तर. पंधरा दिवस मी त्या डब्याकडे बघत काढले. एकदा तर एक काडतूस रायफलीत घातलंही. मग काढलं. माझे डोळे मला अजून हवे होते.

शेवटी एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना सरळ सांगितलं की ही काडतुसं मी उडवू शकत नाही. आत काय आहे, किती आहे, कुणाला माहीत नाही. डॉक्टरांनीच मला शिकवलंय की असलं काही बंदुकीत घालायचं नाही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे कावळ्याला फसवलंत तुम्ही."

"वहिनी, तसं नाही."

"मग कसं? तुम्ही म्हणालात म्हणून तो आला. माझ्यासाठी आला नाही, मुलांसाठी आला नाही. आता मी त्यांना काय सांगू?"

ज्या तोंडानं मूसला अर्धा तास उभं केलं ते तोंड मिटून बसलं. मग एवढंच म्हणालो की आपण ती उघडून तरी बघू. तुम्ही खाली चला. आत एकच दारू निघाली, सगळीकडे सारखी निघाली, तर पुढचं बघू.

डॉक्टरांच्या टेबलाशी आम्ही दोघं बसलो. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे चढवले. गोळी काढायला एक पोकळ हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडा लाकडावर आपटायचा. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते आणि दारू हातोड्याच्या पोटात सांडते. वहिनींनी स्वयंपाकघरातून पांढऱ्या बश्या आणल्या. मी ठोकत होतो, त्या एकेका काडतुसाची दारू वेगळ्या बशीत ओतत होत्या. पहिल्या बश्यांत बारीक काड्या, करड्या, सारख्या. रायफलीची दारू. बरोबर होती. मला उगाच आशा वाटायला लागली.

मग त्यांचा हात थांबला. "भाऊजी, हे वेगळं आहे."

बशीत काड्या नव्हत्या. चपट्या, बारीक चकत्या होत्या. छऱ्याच्या बंदुकीची दारू. ती फार झपाट्यानं पेटते, आणि रायफलीची पुंगळी तिनं भरली तर नळी टिकत नाही. मी पुढचं काडतूस हातोड्यात अडकवलं. पुढच्याही बशीत चकत्या. त्याच्या पुढच्या पुंगळीतून काहीच पडलं नाही. टोपी होती, गोळी होती, मधे दारूच नव्हती. त्यानंतर पुन्हा काड्या, मग एकात दोन्ही मिसळलेलं.

वहिनी ओळीनं मांडलेल्या बश्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या विचारतील, हे असं कसं झालं? त्यांनी विचारलं नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गॅस चालू ठेवायचे. देवळातून येताना रस्ता चुकायचे. मी कुणाला बोलले नाही. मुलगा लगेच टेस्ट करायला नेईल, लायसन्स काढून घेतील, मग घरात बसून काय करतील? वाटलं, इथे खाली असतात तेवढा वेळ तरी ठीक असतात. इथलं त्यांना सगळं पाठ आहे." मग बश्यांकडे बोट करून म्हणाल्या, "इथेही नव्हतं."

मी हातोडा पुसून ठेवला.

बश्यांतली दारू आम्ही मागच्या अंगणात नेली आणि गवतावर पातळ, लांब लांब पसरून टाकली. पावसात ती हळूहळू विरते आणि गवताला खतासारखी लागू पडते. उरल्या त्या रिकाम्या पुंगळ्या, बुडाला टोप्या असलेल्या. टोपी जिवंत असते. गोळी नाही, दारू नाही, पण चाप ओढला की ती ठिणगी देतेच. मी वहिनींना म्हटलं, एवढं मी करू शकतो. कुणाला धोका नाही, मलाही नाही. डॉक्टरांनी हातानं बसवलेल्यातलं सुखरूप असं एवढंच उरलंय. ते मी एकेक करून त्यांच्याच रायफलीतून उडवीन. तुम्ही समोर उभं राहून ऐका.

त्यांनी एक रिकामी पुंगळी उचलून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "चालेल."

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, मधल्या वारी, आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पाऊस लागलेला. आमच्याशिवाय एकच म्हातारा गोरा गृहस्थ होता, पलीकडच्या बाकावर, आणि त्याचा एकेक बार असा की छपराचं पाणी उलटं वर जायचं. वहिनींच्या कानांवर मी आवाज अडवणारे मफ चढवले. त्यांनी एक बाजू सरकवून ठेवली.

पुंगळी घातली, नळी मातीच्या बांधाकडे केली, चाप ओढला. टप्. बोटं मोडल्यासारखा आवाज. दुसरी. टप्. मी पुंगळी काढून वहिनींच्या हातात द्यायचो, त्या ओंजळीत धरायच्या. म्हाताऱ्यानं वळून विचारलं, काडतुसं खराब आहेत का? माझ्या जिभेवर लगेच एक लांबलचक गोष्ट आली. पण सांगितलं एवढंच की ही माझ्या मित्राची आहेत, तो गेला, आणि या त्याच्या मिसेस. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आपली रायफल उघडून बाकावर ठेवली, आणि आमचं संपेपर्यंत बार काढला नाही. पावसात नुसतं आमचं टप्, टप् चालू राहिलं.

शेवटची झाल्यावर मी रायफल उघडी करून वहिनींना दाखवली. त्यांनी आत डोकावून पाहिलं, दवाखान्यात घसा तपासतात तसं. "झालं?"

"झालं."

येताना हायवेवर त्या आपणहून बोलायला लागल्या, आणि माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एवढा वेळ दुसऱ्याचं ऐकत होतो. डॉक्टर काय काय विसरले ते सगळं त्यांनी सांगितलं. मुलालाही सांगितलं नव्हतं. एकदा, फक्त एकदाच, मे महिन्यात, चहा घेता घेता डॉक्टरांनी वहिनींना अगदी अदबीनं विचारलं होतं, तुमचे मिस्टर काय करतात?

"काय सांगितलंत तुम्ही?"

"म्हटलं, भूल देतात. डॉक्टर आहेत." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "खूश झाले. म्हणाले, फार जबाबदारीचं काम आहे ते. त्यांना जपा."

मी गाडी उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनमध्ये घेतली आणि वेग कमी केला. घर यायला अजून वेळ होता, आणि त्यांचं सांगून संपलं नव्हतं.