अंगझडतीत काढलेली माळ

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ती घटना मनातून जात नाही.

जळगावच्या मेहरूण भागातून मोटारसायकली चोरीला जात होत्या. नाकाबंदीत एकही सापडत नव्हती. मग एका खबऱ्याने टीप दिली, "साहेब, पारोळ्याकडच्या सत्संगाला काही भक्त दर गुरुवारी वेगळ्याच गाडीवर येतात. एवढी कृपा कशी होते?" माझा चेहराच पडला. सत्संगाचे झेंडे लावलेल्या त्या गाड्यांना नाकाबंदीत मी स्वतः हात जोडून वाट करून दिली होती.

सत्संग चालवणाऱ्या अक्का सत्तरीच्या. दारू सोडायला आलेल्यांना त्या तुळशीची माळ घालत आणि पुन्हा कधी खोटे न बोलण्याची शपथ देत. टोळी त्याच माळा घालून तिथे शिरली होती. आमच्या सापळ्यात एकच सापडला, पस्तिशीतला मेकॅनिक. चौकशीत त्याने सांगितलेले प्रत्येक नाव आणि गाव खोटे निघाले. इकडे 'चोरांचा सत्संग' अशी बोंब झाली आणि अक्कांकडे कोणी फिरकेना.

तिसऱ्या दिवशी अक्का ठाण्यात आल्या. लॉकअपपाशी थबकल्या, मेकॅनिकचा मोकळा गळा पाहिला.

"साहेब, त्यानी माळ कोठे शे?"

"अंगझडतीत काढली, अक्का. दोरा आत ठेवता येत नाही, नियम आहे."

"मंग तो खरं कसं सांगी? माळ द्या, मंग इचारा."

मला हसूच आले. तरी त्याला समोर बसवून माळ पुढे ठेवली. तो मागे सरकला.

"नको साहेब. टोळीना सांगावरून घालेल व्हती, पन मंग ती खरीच व्हई गई. ती घालीसन खोटं बोलता येत नही."

एवढे बोलून तो ढसाढसा रडला. मग स्वतःच माळ गळ्यात घातली. दुपारी त्याने पंचांसमक्ष चोरीच्या गाड्या लपवलेले धुळ्याजवळचे गोदाम दाखवले, संध्याकाळपर्यंत टोळी आत होती.

अक्का बाकावरच बसून होत्या. "साहेब, मना सत्संग चोरेसना व्हता का?" त्यांनी विचारले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"अक्का, चोरांचा असता तर हा आज खरे बोलला नसता."

टोळ्या धर्माआड लपतात, हे नोकरीत खूपदा पाहिले. टोळीतल्या माणसालाच धर्माने धरून ठेवलेले मात्र एकदाच पाहिले. तेव्हापासून गळ्यातल्या माळेवरून मी माणसाला साव म्हटले नाही, आणि ढोंगीही म्हटले नाही.

पुढच्या गुरुवारी मी गणवेशातच सत्संगाला गेलो आणि सगळ्यांना दिसेल असा दारासमोर बसलो. आत अक्का एकट्याच टाळ घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासाने एक बाई झिंगलेल्या नवऱ्याला घेऊन आली. मला पाहून घुटमळली, आणि मग त्याचा हात धरून आत गेली.