आदेश येईपर्यंत

पंचवीस जुलै. मासेमारीची बंदी उठायला आठवडा राहिला होता आणि मी कारखान्यात बर्फाचे डबे घासून घेत होते. पत्र्याच्या डब्यांना पावसाळ्यात आतून गंज धरतो. तो खरवडला नाही तर लादी तांबूस निघते आणि होडीवाले ती परत पाठवतात. फोन बाळाचा, माझी मैत्रीण रंजना हिच्या भावाचा होता. "गेली," एवढंच म्हणाला. मी नळ बंद केला, हात पुसले, उरलेली रांग पुरी करा म्हणून कामगारांना सांगितलं आणि निघाले. कारखान्यापासून तिचं घर पायी जाण्याइतकं जवळ. त्या घरात ती दीड महिना आजारी पडून होती आणि तेवढ्या काळात मी एकदाही तिच्या खोलीत गेले नव्हते. आमचं भांडण झालेलं नव्हतं. तिनेच मला येऊ दिलं नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं. हे कसं, ते सांगते.

रंजना आणि मी मालवणात एका बाकावर शिकलो. गणित तिचं, आरडाओरडा माझा. मुली भांडण घेऊन तिच्याकडे जायच्या. ती दोघींचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि मग दोघींनाही आवडणार नाही असं काहीतरी सांगायची. पुढे ती विजेची इंजिनिअर झाली, मुंबईला गेली, लग्न तिने केलं नाही, आणि काही वर्षांनी वीज नियामक आयोगाच्या कार्यालयात लागली. मी मात्र इथेच राहिले. सासऱ्यांचा बर्फाचा कारखाना माझ्या गळ्यात पडला. बर्फ म्हणजे पाणी आणि वीज. पाणी आमच्या विहिरीचं, वीज मात्र बिलावर. त्यामुळे माझ्या धंद्याची अर्धी दोरी रंजनाच्या कार्यालयात असायची, असं माझा नवरा हसून म्हणायचा.

तिचं काम गावात कोणाला नीटसं कळलं नाही. वीज कंपनीने तारांवर, खांबांवर किती खर्च करायचा आणि त्यातला किती आपल्या बिलातून वसूल करायचा, हे कंपनीने परस्पर ठरवायचं नसतं. आयोग ते ठरवतो. कंपनीचा प्रस्ताव तपासून त्यावर टिपण लिहायचं हे रंजनाचं काम. गणपतीला ती घरी आली की शेजारचा होडीमालक पांडूभाऊ हटकून पडवीत येऊन बसायचा. "काय गो रंजना, थंय बसान आमची लाईट म्हाग करतस आणि हय येवन मोदक खातस?" ती पुढचा मोदक उचलत म्हणायची, "मोदक आयेन चुलीर केल्यान, लाईटीर नाय." सगळे हसायचे, तीही हसायची. पण लग्नाला जरी कुणाच्या घरी गेली तरी चपला काढता काढता तिची नजर आधी मीटरवर जायची. मी तिला त्यावरून पुष्कळ चिडवलं.

मग ते चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरचे खांब माडांसकट आडवे झाले, कारखान्यातल्या सगळ्या बर्फाचं पाणी होऊन गटाराला लागलं. आईला बघायला रंजना रजा काढून आली तेव्हाही वीज यायची होती. रिकाम्या डब्यावर बसून ती माझी बडबड ऐकत होती. तारा सगळ्या जमिनीखालून घाला, काय लागतील ते पैसे घ्या, असं मी तावातावाने सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "काळोखात सगळी असाच बोलतत. लाईट इली की बिल वाचतत."

त्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो तर रापणीचं मोठं जाळं ओढून झालं होतं, मासळीचे वाटे घालणं चाललं होतं. ती तिथेच थांबली. ओढणाऱ्यांचे वाटे पडतात तसा जाळ्याचाही वाटा पडतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. त्यात बघण्यासारखं काय, असं मला वाटलं. ती म्हणाली, जाळ्याचा वाटा काढला नाही तर दोन वर्षांत जाळं फाटेल आणि ओढायला हातात काही उरणार नाही. जाळ्यावाल्याने हवा तेवढा वाटा उचलला तर ओढणारे उपाशी राहतील. विजेचंही तसंच. दर खाली ठेवले की सगळे खूष होतात, पण तार आतून कुजत जाते ती कोणाला दिसत नाही. "म्हणान मधी कोणतरी बसाक होया," ती म्हणाली. "जेका कोणाचो राग येयत नाय, आणि जेच्यार सगळे रागावतत." मी म्हटलं, मग तूच बस. तशीही लहानपणापासून तिथेच बसली आहेस.

किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखालून न्यायचा प्रस्ताव पुढे खरोखरच आला. मी बर्फ कारखानदारांच्या संघटनेची सचिव. प्रस्ताव वाचला तेव्हा दिसलं की सगळ्या केबलचा खर्च पहिल्याच वर्षापासून आमच्या बिलात धरला आहे, आणि मंजुरीआधीच सुरू केलेली खोदाई तर अर्ध्या वाटेतच होती. पुढच्या वाड्यांमधून अजून वाकलेले खांबच उभे होते. मी रंजनाला फोन केला आणि हरकत घेणार असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, हक्क आहे तुझा, सुला, घे. पण प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. तुझं नाव हरकतदारांत आलं की मी वरिष्ठांना लेखी कळवणार, आणि त्यांनी प्रकरण माझ्याकडेच ठेवलं तर आदेश येईपर्यंत तू मला फोन करायचा नाहीस, भेटायचं नाही. मी म्हटलं, ठीक. किती, चार महिने? तिने होय म्हटलं. तेव्हा तिच्या आजाराचं दोघींनाही ठाऊक नव्हतं.

वरिष्ठांनी प्रकरण तिच्याकडेच ठेवलं, कारण किनारा तिच्याइतका कोणी पाहिलेला नव्हता. सुनावणी कुडाळला झाली. आयोगाचे सदस्य समोर, त्यांच्या मागच्या रांगेत रंजना. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगितलं की केबल घाला, आम्हाला हवीच आहे. पण जी तार अजून जमिनीत गेली नाही, जिच्यातून वीज वाहिली नाही, ती आमच्या बिलात कशी आली? शिवाय बर्फ कारखान्यांना वेगळा सवलतीचा दर द्या, असंही मागितलं. रंजना मान खाली घालून लिहीत होती. मी बोलले तेवढा वेळ तिने एकदाही वर पाहिलं नाही. पाणी पिण्यासाठी ती उठली तेव्हा मला दिसलं की तिच्या ब्लाउजची बाही दंडावर लोंबते आहे. रंजना कधी बारीक नव्हती. पुढे होऊन विचारावंसं वाटलं… पण मधल्या रांगेत कंपनीचे वकील बसले होते. मी विचारलं नाही.

नवीन माहिती मागवली गेली, दुसरी सुनावणी झाली, चार महिन्यांचे आठ झाले. टिपण पुरं करून जूनच्या सुरुवातीला रंजना घरी आली ती झोपूनच. बाजारात तिची आई, आमची काकी, भेटली. पोटात गाठ आसा, उशीर झालो, म्हणाली. मी पिशवी तिथेच ठेवून निघाले, पण वाटेत बाळा आडवा आला. तो बिचारा मान खाली घालून सांगत होता. रंजनाचा निरोप होता. टिपण तिचं आहे आणि आदेश अजून यायचा आहे. उद्या कोणी म्हणालं की हरकत घेणारी बाई टिपण लिहिणारीच्या उशाशी बसायची, तर आदेश अपिलात पडेल. आणि पुढच्या वाड्या आणखी किती वर्षं त्या खांबांवर राहतील, देव जाणे. मी तिथेच उभी राहिले. खूप राग आला. पण मुद्दा खोडता आला नाही.

मग मी रोज तिच्या कुंपणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत जायचे. डबा काकीच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचं. रंजनाची खाट खिडकीपाशी होती, त्यामुळे बाहेरचं सगळं तिला ऐकू जायचं. पहिल्याच दिवशी आतून आवाज आला, "आये, तिका विचार, बंदी आसताना मासे खंयसून हाडल्यान?" काकी वळून मला विचारायच्या आत मी म्हटलं, "काकी, तिका सांगा, खाडीतली मासळी आसा, शेवटां. चोरीची नाय." असं आमचं सुरू झालं. मधे काकी. ती बिचारी एकदा खिडकीकडे बघायची, एकदा माझ्याकडे. बोलणं फक्त माशांचं, पावसाचं आणि पांडूभाऊच्या नव्या दातांचं. आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. मग काकीला खरोखरच निरोप पोचवावे लागायला लागले…

एक दिवस मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "काकी, मी माझा नाव काडून घेतंय. मगे तरी भितर येवक मेळात मा?" काकी पदर तोंडाला लावून उभी. आतून आवाज आला तो मालवणीत नव्हता. कुडाळच्या त्या सभागृहात सदस्य बोलत होते तसा, कार्यालयातला, एकेक शब्द सुटा. "आई, बाहेर ज्या बाई आल्या आहेत, त्यांना सांग. चालू प्रकरणाबद्दल या घरात बोलायचं नाही." मी वळले. बेडं लावताना पुन्हा आवाज आला, अगदी बारीक. "आणि कालची शेवटां बरी होती म्हणान सांग तिका. मीठ कमी पडला."

त्यानंतर ती आठवडाभर होती.

पंचवीस तारखेला मी बेडं उघडून आत गेले. मेलेल्या माणसाला भेटू नये असं कुठल्या नियमात नाही. तिला पडवीत आणून ठेवलं होतं. मी पायांशी बसले, मग लाकडं सांगायला, भटजींना आणायला माणसं पाठवली, कारण ते कोणीतरी करायला हवं होतं. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते ढकलायला माझा हात गेला नाही. आदेश अजून आला नव्हता.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, कारखाना धडधडायला लागला. त्याच सुमारास एका दुपारी आदेश आला. मी लाद्यांच्या मधे उभी राहून फोनवर तो पुरा वाचला. केबल मंजूर झाली, शेवटच्या वाडीपर्यंत. पण जो टप्पा जमिनीत जाऊन चालू होईल त्याचाच खर्च दरात धरायचा. न वाहणाऱ्या तारेचा भार वापरणाऱ्यावर नाही. बर्फ कारखान्यांची सवलत नामंजूर, कारण ती दिली तर तो बोजा घरगुती बिलांवर जाईल. म्हणजे माझं बिल वाढलं. टिपण लिहिणाऱ्यांची नावं आदेशावर नसतात. नसू देत. दोन्ही बाजूंना न आवडणारं असं सरळ कोण लिहितं, ते मला शाळेपासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. काकीला सांगितलं, आदेश आला. "बरो की वायट?" तिने विचारलं. मी म्हटलं, बरो. माझं बिल वाढलं, पण बरो. काकीने खोलीचं दार उघडलं. खाट उभी करून भिंतीला लावली होती. खिडकीपाशी नुसती एक लाकडी खुर्ची होती, खाट असायची त्या जागेकडे तोंड करून ठेवलेली. "घरी इली त्याच दिसा ही मांडूक लायल्यान," काकी म्हणाली. "आदेश इलो की सुला येतली, तिका बसाक होयी, म्हणायची. कोणाक बसाक दिल्यान नाय. डॉक्टर इलो तरी उभोच."

मी बसले. काकी चहा ठेवून गेली. कारखान्यातून दोनदा फोन आला, तो मी उचलला नाही. दुपारपर्यंत तिथेच बसून होते.