खंडेनवमीला बंद केलेला ओव्हन

चिलखती गाडीच्या पोलादाला एक वाईट खोड आहे. ते लगेच फुटत नाही. आज वेल्डिंग करा, सांधा कसा झकास दिसतो, साहेब शाबासकी देऊन जातात आणि दोन दिवसांत तो आतल्या आत तडकतो. म्हणून आमच्या शेडमध्ये नियमच होता, पुरते दोन दिवस थांबायचं आणि मगच सांधा तपासायचा. त्या दसऱ्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

गडमुडशिंगीहून रोज मोपेडवर येणारी मी, शेडमधली एकुलती एक बाई वेल्डर. त्यामुळं खंडेनवमीला हळदीकुंकवाचं ताट आपसूक माझ्याच हातात. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगची मशिनं, सगळी पुसून हार घातले. पूजा झाली की दसरा होईपर्यंत आमच्याकडं मशिनला कुणी हात लावत नाही. कोपऱ्यातला वेल्डिंगच्या रॉडचा ओव्हन तेवढा चालू होता. रॉडला हवेतली ओल लागू नये म्हणून तो कायम गरमच ठेवायचा असतो; ओल धरलेल्या रॉडनं भरलेला सांधाच असा आतून तडकतो. पण मला काय बुद्धी सुचली, देव जाणे! सगळ्यांना सुट्टी आणि हा बिचारा एकटाच का राबणार, म्हणून मी बटण बंद केलं आणि त्यालाही कुंकू लावलं. बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये आले. ओव्हनला हात लावला तर थंडगार! रॉड पुन्हा नीट भाजून घ्यायला हवे होते, पण त्यात अख्खी सकाळ गेली असती आणि वस्तादांना कारण सांगावं लागलं असतं. वस्ताद म्हणजे आमचे फोरमन. मला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं, आणि ‘असलं काम बाईला कशाला?’ म्हणणाऱ्यांशी माझ्यासाठी तेच भांडले होते. त्यांना काय तोंड दाखवणार? गुपचूप बटण दाबलं, रॉड हाताला कोमट लागले तशी कामाला बसले. सांधा गाडीच्या तळाचा होता, जवानांच्या पायाखालचा.

सांधा दिसायला देखणा झाला. वस्ताद म्हणाले, “एक नंबर, पोरी!” तेव्हाच सांगायचं होतं.

मग दोन दिवस ना धड जेवण, ना झोप. नवऱ्यानं मीठ मागितलं तर त्याच्यावर खेकसले. शेडमध्ये तासातासाला तळाच्या त्या प्लेटपाशी जायचं, सांध्यावरून बोट फिरवायचं, कान लावून ऐकायचं. वस्ताद हसले, “अगं, अंडी उबवतीस व्हय तिथं?” मी कसनुसं हसले. मेले तरी बरं, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी सांध्यावर लाल रंग लावला, पुसला, वरून पांढरा फवारा मारला. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आम्ही बघत उभे राहिलो. काही उमटलं नाही. साहेबांनी कागदावर सही केली. मला नाचावंसं वाटायला हवं होतं, पण चीर खाली दडलेली असली तर ती या रंगाला दिसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

साहेब बॅग उचलून निघाले. वस्ताद ओरडले, “अवो पावणं, च्या तर घिऊन जावा की!” साहेब टेकले. त्यांनी पहिला घोट घेतला आणि माझ्या तोंडून फुटलं, “साहेब, रॉडचा ओव्हन बंद होता. नवमीला मीच बंद केलता.”

वस्तादांचा कप हातातच राहिला. “आणि आज सांगतीस?”

त्यांनी स्वतः ग्राइंडर घेतला. सांधा वरून थोडा घासला आणि साहेबांनी पुन्हा रंग लावला. या खेपेला रेघ उमटली. केसाएवढी बारीक, बोटाएवढी लांब. वस्ताद माझ्याकडं न बघता खडूनं कापायच्या खुणा करायला लागले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं तो सगळा सांधा कापून काढला आणि मीच नव्यानं भरला.

आता नवी पोरं आली की वस्ताद तो किस्सा कौतुकानं सांगतात, “लई धाडसाची पोरगी हाय ही!” माझं डोकं फिरतं. कसलं डोंबलाचं धाडस! साहेब चहाला थांबले नसते, तर मी बोलले नसते.