काथ्याचं बूच

लग्न होऊन गुहागरला आले तेव्हा मला नवरा होता तो वर्षातून दोनदाच, शिमग्याला आणि गणपतीत. एरवी ते मुंबईत एका गिरणीच्या इंजिनखात्यात. गावातल्या निम्म्या बायकांचं तसंच होतं, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती. डोळ्याला पदर लावला की सासूबाई म्हणायच्या, सगळ्यांचं होतं ते तुझं होईल. मला सगळ्यांसारखं नको होतं.

मग आमच्या आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, इंजिन आलं. कल्पना ह्यांचीच. विहिरीवर रहाट होता, रेडा दिवसभर गोल फिरायचा, तरी पाणी जुन्या बागेपुरतंच व्हायचं. ह्यांनी मामंजींच्या डोक्यात भरवलं की क्रूड तेलावर चालणारं एक जुनं इंजिन मुंबईत मिळतं आहे, ते पंपाला जोडलं तर पलीकडच्या पडीक तुकड्यातही पोफळी लावता येतील. आणि इंजिन चालवायला मी घरी राहीन, असं शेवटी म्हणाले. ते मी माजघराच्या दाराआडून ऐकलं आणि त्या दिवसापासून लोखंडाच्या त्या धुडावर माझा जीव जडला. बायका तुळशीला हळदकुंकू वाहतात, मी इंजिनालाही वाहत असे. हसायचं तर हसा.

काही वर्षं फार चांगली गेली. सकाळी आगरातून धडधड ऐकू आली की मी चुलीपाशी निश्चिंत असे. ह्यांच्या धोतरावरचे तेलाचे डाग कितीही घासले तरी निघत नसत, आणि निघू नयेत असंच मला वाटे. नवी पोफळ वाढीला लागली. मामंजींनी रहाट मोडून त्याची लाकडं गोठ्याला लावली आणि रेडा विकून टाकला.

मामंजी आमचे संशयी. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. मामंजींचं कधी काय पोळलं होतं कोण जाणे, पण ते पाणीसुद्धा फुंकून पीत. दूध आलं की बोट बुडवून बघायचे, गुळाची ढेप फोडून हुंगायचे, देवळातल्या तेलातही भेसळ आहे म्हणायचे. अशात चिपळूणहून बातमी आली की तिथल्या भाताच्या गिरणीच्या इंजिनाला पाणी मिसळलेलं तेल मिळालं आणि गिरणी बंद पडली. झालं, मामंजींची झोप उडाली.

आमच्या किनाऱ्याला गलबतं लागायला धक्का नाही. मुंबईहून माल घेऊन आलेला मचवा खोल पाण्यात उभा राही आणि तेलाची पिंपं सरळ समुद्रात लोटून देत. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे भरलेलं पिंपही तरंगे. भरतीच्या लाटा त्यांना किनाऱ्याकडे आणत आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले गडी ती वाळूवर ओढून घेत. दरवर्षी हे काम आमचे हे जातीनं बघायचे. त्या वर्षी नेमके तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून मामंजी होडीत बसून मचव्यावर गेले.

घरी आले ते मोठ्या खुशीत. आम्हा दोघी सासू-सुनांना ओटीवर बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. मचवा हाकणाऱ्या तांडेलाकडून पाना घेऊन त्यांनी मचव्यावरच एकेका पिंपाचं बूच उघडलं, काठी बुडवून तेल वर काढलं, बोटांवर चोळून पाहिलं. तेल अगदी चोख निघालं. पण उघडताना बुचांखालच्या चामड्याच्या चकत्या फाटल्या आणि बुचं घट्ट बसेनात. मग मामंजींनी शक्कल लढवली. मचव्यावर काथ्या होताच, तो बुचांभोवती गुंडाळून बुचं ठोकून बसवली आणि पिंपं समुद्रात सोडायला लावली.

"अगो, होडीच्या फटी बुजवतात ना काथ्यानं? मग पिंपाचं तोंड काय मोठं लागून गेलंय?" मामंजी म्हणाले.

आम्ही दोघींनी माना डोलावल्या. आम्हाला तरी काय ठाऊक? ह्यांना शुद्ध असती तर ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

ताप उतरून हे कसेबसे आगरात जाऊ लागले तोवर वैशाख लागला होता. जुनं तेल संपलं म्हणून नवं पिंप फोडलं. पहिल्यांदा इंजिन बरं चाललं, मग ठसकू लागलं. ह्यांचं म्हणणं पडलं की बंद करावं, तेल निवळू द्यावं, फडक्यातून गाळावं. मामंजी ऐकेनात. उन्हानं पोफळी करपताहेत, आजचं शिंपण झालंच पाहिजे म्हणाले. आजारातून उठलेल्या माणसाच्या अंगात भांडायचंही त्राण नसतं. इंजिन ठसकत पांढरा धूर ओकत राहिलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जे थांबलं ते थांबलंच. ह्यांनी खोलून पाहिलं तर तेल पुढे ढकलणारा आतला नाजूक दट्ट्या गंजून जागच्या जागी बसला होता.

मग ह्यांनी पिंपाच्या तळातून तांब्याभर तेल काढून काचेच्या बरणीत ओतलं. आम्ही सगळे भोवती उभे होतो. थोड्या वेळानं वर तेल राहिलं आणि खाली पाणी उतरलं.

"पाणी घातलंन मेल्यानं! मी म्हणतच होतो," मामंजी ओरडले आणि त्यांनी तेल धाडणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

ह्यांनी बरणी कलती करून वरचं तेल ओतून टाकलं, खालच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"बाबा, खारं आहे."

एवढंच बोलले. व्यापारी पाणी घालील तर नळाचं घालील, समुद्र कशाला ओतील? मामंजींना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी स्वतःही बोट लावून पाहिलं आणि तिथेच दगडावर बसले. बाकीची पिंपं पाहिली, सगळ्यांत तेच.

दट्ट्या मुंबईला धाडला. इंजिन इतकं जुनं की तसला भाग कुठे मिळेना. आम्ही विहिरीवर उभे राहून हातानं पाणी शेंदलं. सासूबाई, मी, गडी, हेही. कळशीनं कुठे आगर शिंपून होतं? जुनी झाडं कशीबशी तग धरून राहिली. नव्या तुकड्यातल्या पोफळींनी एकेक करून माना टाकल्या, शेंडे पिवळे पडून गळाले. मी रोज त्यांच्यामधून हिंडत असे आणि मला झाडांचं दुःख नव्हतंच. ती पोफळ वाळते आहे म्हणजे माझा संसार वाळतो आहे, हे मला दिसत होतं आणि माझ्या हातात एक कळशी होती. इतकी हतबल मी पुढे कधी झाले नाही, पोटचं पोर गेलं तेव्हाही नाही.

पावसाळा सरल्यावर ह्यांनी गिरणीत परत जायचं ठरवलं. बापाला एक शब्द बोलले नाहीत. त्याचा मला संताप येई. बोलले असते, भांडले असते, तर निदान घरात काहीतरी जिवंत आहे असं वाटलं असतं.

निघायच्या सकाळी मी दशम्या बांधत होते. मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. एरवी ते कधी तिथे येत नसत.

"मुली, तू सांगितलंस तर तो राहील. थांबव त्याला."

किती रात्री मी ह्यांना थांबवायचे शब्द मनातल्या मनात जुळवले होते. पण मामंजींच्या मागे, अंगणाच्या पलीकडे, तो तुकडा दिसत होता. वाळलेली खोडं तशीच उभी होती.

"कशासाठी थांबवू, मामंजी?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मग परत माझ्याकडे बघायचं त्यांना धैर्य झालं नाही. मी फडक्याला गाठ मारली आणि ह्यांना हाक मारली, उशीर होतोय म्हणून.