कावळ्यासमोर दिलेला शब्द

बाबांच्या दहाव्याहून परतल्यावर मी भिंतीला टेकून डोळे मिटते, आणि पंख्याचा आवाज हळूहळू नदीचा होतो. मी पुन्हा घाटावर आहे. पिंडाचा भात तसाच आहे. कावळा नाही.

कावळे येणार कुठून? बायपास झाला, एसटी बाहेरून जायला लागली, हॉटेलं बंद पडली, मग मटण मार्केट. खरकटंच उरलं नाही, तेव्हा कावळेही गेले. हे मी सकाळी सांगितलं, पण सगळे म्हणाले, इच्छा अडकलीय. शेवटी दिगंबरकाकांनी हात जोडले. "दादा, तुझी लेक बंगळूरला नोकरीला जात नाही. सोड्याचं दुकान तीच चालवेल." तेवढ्यात एक कावळा उतरला.

मला कुणी विचारलंच नाही.

आता बाबा शेजारच्या पायरीवर बसलेत, बनियनवर.

"शिवलात कशाला?" मी म्हणते.

"मी कुठं? तो कावळा होता."

"सगळं गाव म्हणतंय, तुम्हीच."

"गाव मी असताना सोडा प्यायलाही येत नव्हतं."

पायऱ्या संपतात तिथे आमचं दुकान आहे. आत माझ्या कॉलेजची प्रयोगशाळा. चंचुपात्रांत सोड्याच्या गोट्या उकळतायत.

"काका म्हणतात, दुकान गेलं की आपलं नाव गेलं. तुम्हाला काय हवं होतं? जन्मभर नुसतं 'बघू' म्हणालात."

"तू राहावीस असं वाटायचं."

माझी कानशिलं तापतात.

"आणि जावीस असंही," ते म्हणतात.

"हे उत्तर नाही, बाबा."

"नाहीच. पण शब्द मी मागितला नव्हता, ठमे. ज्यानं दिला त्यानं पाळावा. दिग्याला सोडा नुसता ढोसता येतो, कळू दे कसा भरतात ते." ते शटरकडे हात करतात. "ये, ओढ. एकट्याला उतरत नाही हे."

शटर अडतं. सकाळपासूनचा सगळा राग मी त्यात घालते. ते धाडकन खाली येतं. बाबा आत राहतात, मी बाहेर.

जाग येते. ओसरीवर काका शेजाऱ्यांना सांगतायत, "राहतेय ती. शब्दच दिलाय ना."

माझे दोन्ही तळवे गंजाने तांबडे झालेत. बाबा गेल्यापासून मी दुकानाकडे फिरकलेलीही नाही. याचा उलगडा मला होत नाही, आणि आत्ता तो करत बसायचा नाही.

मी तशीच ओसरीवर जाते.

"काका, शब्द तुम्ही दिलात. दुकान तुम्ही चालवा."

काका उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि माझ्या हातांकडे बघत राहतात.