सांगून मारलेली मुसंडी

"हात खिशात," असं म्हणून दादा स्वतःचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबायचे आणि आमच्या अंगावर चालून यायचे. अमेरिकन फुटबॉलच्या चड्डीला खिसे नसतात, पण हे त्यांना सांगणार कोण? आम्ही हात पाठीशी बांधून छातीने त्यांना थोपवायला बघायचो, आणि ते नुसत्या पायांच्या जोरावर आम्हाला मैदानाबाहेर नेऊन ठेवायचे.

मी डब्लिनला पीएचडीला आलो आणि विद्यापीठाच्या क्लबने माझा आकार बघून मला धरलं. आयर्लंडमध्ये या खेळाला कुत्रं विचारत नाही. तुम्हालाही तो ठाऊक नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी असतात, त्यांना लाइन म्हणतात. त्यांनी समोरच्यांना रेटून वाट करायची. कुणाला धरायचं नाही, धरलं की फाउल. मी शाळेत कबड्डी खेळलेला; माझे हात आपोआप समोरच्याच्या कमरेला जायचे. म्हणून ते खिसे.

दादा आमच्या लाइनीचे प्रशिक्षक; मूळचे चिंचवडचे, डब्लिनजवळ लिक्सलिपच्या कम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर. अमेरिकेत शिकताना कॉलेजच्या संघाचं सामान वाहता वाहता हा खेळ शिकले. बायको दूर उत्तरेला, लेटरकेनीला डॉक्टर, लेक तिच्याजवळ. त्यामुळे शनिवार तिकडे आणि रविवार आमच्यात. आयरिश पोरंही त्यांना दादाच म्हणायची.

कुठल्या बाजूने घुसायचं हे लाइनीतले आम्ही ऐनवेळी एकमेकांना ओरडून सांगायचो. समोरच्यांना कळू नये म्हणून दादांनी शब्द मराठी ठेवले होते: डावी, उजवी, मधून. लाइनीच्या मधोमध उभा राहणारा, कॉर्कचा आमचा सेंटर 'उजवी' असं काही म्हणायचा की चिंचवडच्या माणसालाही ते कळू नये. या युक्तीवर आम्ही फार खूश होतो.

मुख्य प्रशिक्षकाला मात्र ही रेटारेटी पसंत नव्हती. त्याला चेंडू लांब फेकण्याचा देखणा खेळ हवा होता. मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी त्याने दादांना आमच्यासमोरच सांगून टाकलं, की हरलो तर पुढच्या वर्षी फेकाफेकी, आणि लाइनीतले तीन जाडे बाकावर. त्या तिघांत मी होतो.

त्या सामन्यात आम्ही 'उजवी' म्हटलं की समोरचे सगळे नेमके तिकडेच गोळा. दोन-तीनदा असं झाल्यावर पलीकडून आवाज आला, "देअर राइट, लॅड्स. उजवी अगेन." हेल्मेटच्या जाळीमागे एक पुणेकर हसत होता. परदेशात आपली भाषा कुणाला कळत नाही असं धरून बसमध्ये आपण काय काय बोलतो. तुम्हीही बोलत असाल. तसंच झालं होतं.

शेवटी आम्ही थोडक्यात मागे होतो, चेंडू जिच्यापलीकडे नेला की गुण मिळतात ती रेषा हातभर दूर, आणि एकच संधी उरलेली. मुख्य प्रशिक्षक म्हणाला, फेकू या. दादांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "दादा, शब्द तरी बदलू. त्याला कळतंय."

"कळू दे ना."

"अहो, सगळे तिथेच उभे राहतील."

"राहू देत. फसवूनच जायचं असतं तर वर्षभर तुम्हाला कशाला ढकललं असतं? जोरात सांगा. उजवी."

मी ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. सेंटर म्हणाला, "ग्रँड." म्हणजे चालेल.

आम्ही पाचही जण एकदम ओरडलो. समोरचे सरकले. माझ्या छातीवर कुणाची तरी छाती आदळली आणि मी पाय हलवत राहिलो. वीतभर, मग आणखी वीतभर. शिट्टी झाली तेव्हा मी रेषेपलीकडे चिखलात पालथा होतो आणि माझ्याखाली तो पुणेकर. "ऊठ ना बाबा आता," तो म्हणाला.

सगळ्यांनी चेंडू नेणाऱ्याला खांद्यावर घेतलं. दादा आमच्याकडे आले आणि एकेकाला हात देऊन उठवायला लागले. मागून मुख्य प्रशिक्षक आला. "ठीक आहे, पुढच्या वर्षीही पळू," तो म्हणाला. "लाइन तुझी."

"लाइन यांची," दादा म्हणाले. "मी लेटरकेनीला चाललोय. कारखान्यात राजीनामा दिलाय मागेच."

म्हणजे ज्या वर्षातल्या आमच्या जागांसाठी हा माणूस भांडला, त्या वर्षात तो स्वतः असणारच नव्हता. मला रडू आलं. हेल्मेट काढलं नव्हतं ते बरं झालं.

पुढच्या मोसमात आम्ही पाचही जण खेळलो. कधी सामना बघायला आलात तर बघा, सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर फिरतात. दादा असताना कडेला एक तरी माणूस आमच्याकडे बघत असायचा.