दोन सिलिंडरांचं व्याकरण

चांद्यात आम्ही मोटारसायकलींची शर्यत भरवली, तेव्हा तिचे नियम मी लिहिले. कारण मंडळात माझं अक्षर सर्वांत चांगलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. मंडळ म्हणजे तरी काय, मोटारसायकल असलेली सात माणसं आणि मोटारसायकल नसलेला एक अध्यक्ष. अध्यक्ष डॉक्टर होते. स्वतः सायकलवर फिरायचे. पण आमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं हाड ते वर्षातून एकदा बसवून द्यायचे, म्हणून त्यांना अध्यक्ष करून टाकलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवायचो. लढाई संपल्यावर लष्करानं विकून टाकलेली एक साडेतीनशे सीसीची गाडी माझ्याकडे होती. सिलिंडर एक, आवाज मात्र चार गाड्यांचा. तिचा खाकी रंग मी कधी बदलला नाही, कारण रंगाखाली काही शिल्लक आहे की नाही याची मला खात्री नव्हती.

शर्यत ठरली ती जटपुरा दरवाजाबाहेरून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यानं चिचपल्लीपर्यंत आणि परत. गट दोन. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्या लहान गटात, पाचशेपर्यंतच्या मोठ्या गटात. आमच्यात रस्त्यांच्या कामावरचे एक ओव्हरसीयर होते, त्यांच्याकडे नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते समोर ठेवून एका रविवारी दुपारी मी मराठी नियम तयार केले. पुस्तकात होतं की, सगळ्या सिलिंडरांची मिळून क्षमता अमुक असावी. 'सगळ्या' आणि 'मिळून' हे शब्द मला फालतू वाटले. अख्ख्या चांदा जिल्ह्यात दोन सिलिंडरची गाडी कुणी पाहिलीच नव्हती. मी सरळ लिहिलं, 'लहान गटातल्या गाडीचा सिलिंडर साडेतीनशे सीसीपेक्षा मोठा नसावा.' वाक्य आटोपशीर झालं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात आलापल्लीचे एक सागवानाचे ठेकेदार दवाखान्यासमोर येऊन थांबले. आमची बैठक दवाखान्यातच भरायची. ठेकेदार पन्नाशीचे, अंगानं भरलेले, धोतराचा सोगा कमरेला घट्ट खोचलेला. खाली काळी कुळकुळीत विलायती गाडी. तिच्या इंजिनात शेजारी शेजारी दोन सिलिंडर उभे होते. गाडी उभी असताना चालू आहे की बंद, हे हात लावून पाहावं लागत होतं. माझी गाडी चालू असली की दवाखान्यातल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या.

"मास्तर, माहं नाव लहान गटात लिवा," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"भाऊ, तुमची गाडी पाचशेची आहे. तुम्ही मोठ्या गटात."

"पाचशे तं दोघाईचं मिळून हाय. तुमच्या कागदात का लिवलं हाय, वाचा बरं एक डाव."

मी वाचलं.

"मंग माह्या गाडीचा कोणता सिलिंडर साडेतीनशेच्या वर हाय? डावा का उजवा?"

ओव्हरसीयर छताकडे बघायला लागले. मी शिक्षकी आवाज काढला. म्हटलं, "'सिलिंडर' इथे एकवचनी आहे. म्हणजे गाडीला सिलिंडर एकच हवा."

"असं का? खाली टायरचं काय लिवलं हाय?"

"'गाडीचा टायर गुळगुळीत झालेला नसावा.'"

"हे बी एकवचनच ना? मंग तुमी सारे एका टायरवर धावून राह्यले का?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. दहा वर्षं मी व्याकरण शिकवत होतो. एकाही विद्यार्थ्यानं मला असं उभं चिरलं नव्हतं.

ठेकेदारांनी मनातलं काही लपवलं नाही. मोठ्या गटात कोळशाच्या खाणीतला एक इंजिनिअर होता. त्याची गाडी पाचशेची पण एका सिलिंडरची, हलकी, सडपातळ, शर्यतीसाठीच घासूनपुसून तयार केलेली. "माही गाडी म्हैस हाय," ठेकेदार म्हणाले. "चालते मस्त, दम बी लय हाय, पन वजन? त्या इंजिनिअरसंग मी हरतो. तुमच्यासंग जिंकतो. मंग मी तिकडं काऊन जाऊ?"

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तेवढं तिला वाईट वाटलं नाही.

"नियम तुमीच लिवला ना?" ती भाकरी थापत म्हणाली. "मंग आता रडून काऊन राह्यले?"

मी हट्टाला पेटलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन म्हटलं, त्या गाडीचे सिलिंडर मोजा. विलायती कंपनी काहीही छापते. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मोजायची रीत ओव्हरसीयरना ठाऊक होती. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये किती तेल मावतं, आणि पिस्टन वर असताना किती, यातला फरक काढायचा. तेल म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातलं एरंडेल काढलं आणि औषध मोजायचा काचेचा पेला.

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या अंगणात निम्मा चांदा जमला. ठेकेदारांच्या गाडीचा डावा सिलिंडर भरला दोनशे एकोणपन्नास. उजवाही दोनशे एकोणपन्नास. ठेकेदार बाजूला उकिडवे बसून बिडी ओढत होते. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

मी काढता पाय घेत होतो, तेवढ्यात ओव्हरसीयर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. मास्तर, तुमचीही आणा."

मी बेफिकीरपणे गाडी पुढे आणली. डॉक्टर ओतत गेले, पेला रिकामा होत गेला, पुन्हा भरत गेला. ओव्हरसीयरनी आकडेमोड केली, मग पुन्हा केली.

"तीनशे एकसष्ट."

मला एकदम आठवलं. सिलिंडर झिजला म्हणून मी तो दोनदा आतून बोअर करून घेतला होता आणि दोन्ही वेळा आधीपेक्षा मोठा पिस्टन बसवला होता. कंपनीनं साडेतीनशेच्या आत बनवलेली गाडी मी स्वतःच्या हातानं, मेकॅनिकचे आभार मानून, साडेतीनशेच्या बाहेर नेली होती. सबंध जिल्ह्यात माझ्या नियमात न बसणारी लहान गाडी एकच निघाली. ती माझी.

अंगणात जो हशा पिकला तो रस्त्यापर्यंत गेला. हसले नाहीत ते फक्त ठेकेदार. ते उठून माझ्याजवळ आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "राहू द्या ना मास्तरले लहान गटात. अकराच तं जास्त हाय. माही काही हरकत नाई."

ती दया मला सहन झाली नाही. मी म्हटलं, "मी मोठ्या गटात धावणार."

रविवारी लोक परकोटाच्या भिंतीवर चढून बसले होते. धानाच्या बैलबंड्या पोलिसांनी बाजूला लावून घेतल्या होत्या, आणि बैल शर्यतीकडे पाठ करून कडबा खात होते. लहान गट आधी सुटला. गाड्या चार. ठेकेदार धोतर सावरत सर्वांत शेवटी निघाले आणि पहिल्या मैलातच सर्वांत पुढे गेले. नंतर चिचपल्लीला वळणावर उभ्या असलेल्या आमच्या माणसानं सांगितलं की, त्यांनी तिथं गाडी थांबवून बशीनं चहा प्यायला, चहावाल्याला पोरांची लग्नं झाली का ते विचारलं, आणि मग परत निघाले. तरीही पहिले आले.

मग आमचा मोठा गट. इंजिनिअर, एक कापडवाले आणि मी. निशाण पडलं तसा इंजिनिअर जो गेला तो मला पुन्हा दिसला तो समोरून, परत येताना. त्यानं हातही केला. कापडवाल्यांची गाडी जुनी आणि जड होती. चढावर ते मला मागे टाकायचे, उतारावर मी त्यांना गाठायचो. माझ्या इंजिनात राहिलेलं एरंडेल जळत होतं, आणि त्या वासाचा धूर माझ्यामागे लोहाऱ्याच्या जंगलापर्यंत पसरला होता. मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना साग, मधेच एक मुंगूस आडवं गेलं. मला वाटलं होतं, लाज वाटेल. वाटली नाही. सबंध रस्ताभर मी एकदाही व्याकरणाचा विचार केला नाही. जटपुऱ्यापाशी कापडवाले माझ्यापुढे हातभरानं आले. मी तिसरा, म्हणजे शेवटचा. पण ओरडलो मात्र पहिला आल्यासारखा.

ओव्हरसीयरच्या घड्याळात इंजिनिअरची वेळ ठेकेदारांपेक्षा चार मिनिटांनी कमी होती. त्यावरून वाद पेटला. चहाची मिनिटं वजा केली तर काय? लोक म्हणाले, दोघांना पुन्हा पळवा. इंजिनिअर लगेच तयार झाला. ठेकेदारांनी हात जोडले.

"मले मालूम हाय मी हरतो. तुमाले मालूम नाई, म्हणून तुमाले मजा येऊन राह्यली. थे तशीच राहू द्या."

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, इतकं मोजलं तुमी माह्या गाडीले. आता चालवून तं पाहा."

मी नको नको म्हणेपर्यंत बायको परकोटावरून उतरून आली होती. माझ्या गाडीवर ती दोनदाच बसली होती, आणि दोन्ही वेळा तिनं घरी येऊन दात शाबूत आहेत का ते आरशात पाहिलं होतं. ती पदर खोचून मागे बसली. मी किक मारली. गाडी पहिल्या किकेत चालू झाली, याचाच मला राग आला. पण रस्त्याला लागल्यावर राग कुठे गेला कळलं नाही. हँडल हातात थरथरत नव्हतं. मागून बायको बोलत होती आणि मला ते ऐकू येत होतं. लग्नानंतर मोटारसायकलवर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. ती तिच्या माहेरच्या तलावातल्या मासोळ्यांबद्दल सांगत होती. शेजारच्या बाईनं काय म्हटलं, ते सांगत होती. मी 'हं' म्हणत होतो, आणि तिला तो 'हं' ऐकू जात होता.

चिचपल्ली आली. मी गाडी वळवायला लागलो.

"काऊन वळवून राह्यले?" ती म्हणाली. "समोर रस्ता नाई का?"

रस्ता होता. मूलला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बाजारात एका खानावळीत आम्ही भात आणि झिंग्याची भाजी खाल्ली. अर्धं जेवण झाल्यावर बायकोला आठवलं की ठेकेदार जटपुऱ्यापाशी धोतर नेसून, गाडीशिवाय, आमची वाट पाहत बसले असतील. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग तिनं आणखी भात मागवला.